वेशीपर्यंतचा माग

२०२४ च्या ज्येष्ठातली गोष्ट. शाळा सुरू होऊन चारच दिवस झाले होते आणि पुस्तकांचा गठ्ठा आणण्यासाठी मी तालुक्याला गेलो होतो. परतीच्या एसटीला ही गर्दी! एका हातात गठ्ठा, दुसऱ्या हातात छत्री, आणि गाडीच्या दाराशी नेहमीचे रामरावणाचे युद्ध. कसाबसा आत शिरलो, खिडकीपाशी जागा मिळाली म्हणून गड जिंकल्याचा आनंद मानला, आणि तिकिटाचे पैसे काढायला खिशात हात घातला तो खिसा हलका लागला. मोबाइल गेला होता.

दहा हजारांचा फोन. शाळामास्तराला दहा हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे. पण खरे सांगायचे तर मला पैशांचे एवढे वाटले नाही. त्या फोनात माझ्या आईचा आवाज होता. ती गेली त्याच्या आदल्या दिवाळीत तिला समोर बसवून तिच्या जात्यावरच्या ओव्या मी भरून घेतल्या होत्या. पुढेमागे एखाद्या कादंबरीत उपयोगी पडतील असा लबाड लेखकी हेतूही त्यात होता, हे कबूल करतो. चाळीस-बेचाळीस ओव्या असतील. मधूनच ती अडखळे, हसे, "पुरे रे आता," म्हणे. त्यातली एकही मी कागदावर उतरवली नव्हती. सुट्टीत उतरवू, पुढच्या सुट्टीत उतरवू, असे करता करता दोन सुट्ट्या गेल्या आणि तिसरीच्या शेवटी फोनच गेला.

पोलीस ठाण्यात एक वयस्क हवालदार होते. त्यांनी सावकाश वही उघडली आणि विचारले, "गुरुजी, नंबर सांगा."

मी सांगितला.

"तो नव्हे हो. तो सिमकार्डाचा. यंत्राचा नंबर सांगा, पंधरा आकडी."

मी गप्प. वर्गातल्या मुलांचे रजिस्टर नंबर मला तोंडपाठ. कोणाची जन्मतारीख चुकली आहे हेही मी न बघता सांगेन. पण जी वस्तू उठल्यापासून झोपेपर्यंत माझ्या छातीशी असे तिलाही जन्मापासून एक नंबर आहे, हे मला ठाऊक नव्हते.

"घरी खोके असेल बघा," हवालदार म्हणाले. "त्यावर असतो. फेकले नसले म्हणजे मिळवली."

त्या रात्री सौ.ने माळ्यावरून खोके शोधून काढले. त्यात तिने आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या जपून ठेवल्या होत्या. खोक्याच्या बुडाशी बारीक अक्षरांत ते पंधरा आकडे होते. मी ते कागदावर उतरवले, आणि मास्तरकीचा स्वभाव म्हणून मनात प्रश्न आला: हे आकडे कोणी, केव्हा आणि कशासाठी दिले? वर्षभर मिळेल ते वाचत गेलो. त्यातून हाती आलेला इतिहास, वाचकहो, आज फराळाच्या ताटासोबत आपल्यापुढे ठेवतो.

* * *

आधी थोडे मागे जाऊ. चोरीच्या वस्तूचा माग काढण्याची एक जुनी रीत आपल्याच मुलखात होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ साली जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यात गावच्या बंदोबस्ताची हकिकत आली आहे. गावात चोरी झाली म्हणजे पाटलाच्या हुकमाने गावचा जागल्या, पुष्कळ ठिकाणी हा रामोशी असे, चोराचे पाऊल पाहत निघे. ओल्या मातीत उमटलेली टाच, मोडलेले गवत, काट्याला अडकलेला धागा असे बघत बघत तो शिवेपर्यंत जाई. माग पुढच्या गावच्या शिवेत शिरला म्हणजे तो त्या गावच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग त्याने तो पुढे काढायचा. ज्या गावात माग थांबला त्या गावावर चोरीची जबाबदारी. चोर दाखवा, नाहीतर नुकसान भरून द्या, अशी ती वहिवाट.

ही रीत निर्दोष होती असे मी म्हणत नाही. गरीब गावाने भरपाई कोठून द्यावी? पण तिच्यात एक शहाणपण होते. चोराला शीव नसते, म्हणून माग काढणाऱ्यालाही ती असू नये. आणि प्रत्येक गावाने "चोरी आमच्याकडे झालेली नाही" असे म्हणून अंग काढून घेतले तर कोठल्याच गावाची चोरी सापडणार नाही, हे तिच्या मुळाशी होते. मोबाइलच्या चोरीचा सारा इतिहास मी वाचला तेव्हा मला वाटले, जगातल्या मोठमोठ्या सरकारांना आणि कंपन्यांना हाच धडा पंचवीस वर्षे गिरवावा लागला आहे, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

* * *

घरातला जुना टेलिफोन कोणी चोरीत नसे. भिंतीतल्या तारेवाचून तो निर्जीव. १९७३ च्या एप्रिलमध्ये मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या यंत्रावरून पहिले संभाषण केले, आणि टेलिफोनची तार तुटली. तार तुटली तशी त्याची दावणही तुटली. जे मालकाबरोबर कोठेही जाऊ शकते ते चोराबरोबरही जाऊ शकते.

पुढे युरोपातल्या देशांनी एकत्र बसून मोबाइलची एक समाईक पद्धत ठरवली. तिचे नाव जीएसएम. १९९१ च्या १ जुलैला फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिले बोलणे झाले. आपल्याकडे मोबाइल आला १९९५ च्या ३१ जुलैला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले, ते या देशातले पहिले मोबाइल संभाषण.

आता मौज अशी की, ज्यांनी ही जीएसएम पद्धत बसवली त्यांनी चोराचा विचार पहिल्यापासून केला होता. सिमकार्ड म्हणजे माणसाची ओळख. ते काढून दुसरे घालता येते. यंत्राची ओळख निराळी हवी, म्हणून प्रत्येक यंत्राला पंधरा आकड्यांचा एक अंक दिला. त्यालाच आयएमईआय म्हणतात. पहिले आठ आकडे यंत्राचा वाण सांगतात, कोणाची बनावट आणि कोणता नमुना. पुढचे सहा हा त्या यंत्राचा स्वतःचा अनुक्रम. आणि पंधरावा आकडा तपासणीचा. या शेवटल्या आकड्याचे गणित मोठे गमतीचे आहे. आय.बी.एम. कंपनीच्या हान्स पीटर लून या गृहस्थांनी ते १९५४ साली काढले. डावीकडून एक सोडून एक, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा असे आकडे दुप्पट करायचे. दुपटीचे उत्तर दोन आकडी आले तर त्याच्या दोन्ही आकड्यांची बेरीज घ्यायची. मग सगळ्यांची बेरीज करायची. तिला दहाने नि:शेष भाग गेला पाहिजे. एखादा आकडा चुकून भलताच लिहिला गेला तर बेरीज फसते आणि चूक उघडी पडते. मी मॅट्रिकपुढे गेलेला नाही, पण हे गणित सातवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवले आणि मुलांनी आपापल्या घरच्या फोनचे अंक आणून ताळा बसवून पाहिला. एवढी उत्साहाने केलेली बेरीज त्या वर्गात मी पूर्वी पाहिली नव्हती.

अंक दिला, आणि तो तपासायची सोयही त्याच आराखड्यात ठेवली. प्रत्येक कंपनीने यंत्रांची एक नोंदवही ठेवायची. तिच्यात तीन याद्या: पांढरी यादी चांगल्या यंत्रांची, करडी यादी संशयितांची, काळी यादी चोरीच्या यंत्रांची. काळ्या यादीतला फोन सुरू झाला की त्याला दार बंद. वेशीवर जागल्या बसवला, त्याच्या हाती यादीही दिली. आणखी काय हवे?

हवे होते एवढेच, की जागल्याने यादी वाचावी. नोंदवही ठेवणे कंपनीच्या खुशीवर होते, आणि पुष्कळांनी ती ठेवलीच नाही. का ठेवावी? नोंदवहीला खर्च. फोन गेला तो गिऱ्हाइकाचा. गिऱ्हाईक रडतकढत दुसरा फोन घेणार. चोरीचा फोन ज्याच्या हाती गेला तोही बोलण्याचे पैसे कोणाला तरी देणार. ज्याचे जळते त्याला कळते, आणि इथे कंपनीचे काहीच जळत नव्हते. चोरी थांबवण्याची युक्ती पहिल्या दिवसापासून तयार होती. कमी होती ती ती वापरण्याच्या इच्छेची. या सगळ्या इतिहासाचे सार मला विचाराल तर ते या एका वाक्यात आहे.

* * *

कळ प्रथम लागली ती विलायतेला. २००२ च्या जानेवारीत ब्रिटनच्या गृहखात्याने एक अभ्यास प्रसिद्ध केला. व्हिक्टोरिया हॅरिंग्टन आणि पॅट मेह्यू या दोन बाईंनी तो केला होता. त्यांच्या अंदाजाने २००१ या एका वर्षात त्या देशात ७ लाख १० हजारांपर्यंत फोन चोरीला गेले असावेत. त्याहून मला बोचले ते पुढचे. ज्यांचे फोन हिसकावले गेले त्यांत शाळकरी वयाची पोरे पुष्कळ, आणि हिसकावणारेही बहुधा त्याच वयाचे मुलगे. शाळा सुटायची, आणि एका दप्तरातला फोन दुसऱ्या दप्तरात जायचा. त्याच अभ्यासात हेही दिसले की काही कंपन्या चोरीचे यंत्र बंद करीत होत्या आणि काही करीत नव्हत्या. अर्थात चोराला एवढेच करायचे होते: सिमकार्ड बदलून दुसऱ्या गावच्या वेशीतून आत जायचे.

सरकारने कंपन्यांना बोलावून त्यांचा कान धरला. कंपन्यांनी आपल्या काळ्या याद्या एकत्र केल्या. पण चोर काही हात जोडून बसत नाहीत. त्यांनी यंत्राचा अंकच बदलायला सुरुवात केली, जनावराच्या पुठ्ठ्यावरचा डाग पुसून नवा डाग द्यावा तसे. मग ब्रिटिश पार्लमेंटने २००२ च्या जुलैत एक खास कायदा केला. यंत्राचा अंक बदलणे हाच गुन्हा, बदलण्याच्या हेतूने त्याची साधने बाळगणे हाही गुन्हा, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैदेची. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तो अमलात आला.

या पॅट मेह्यू बाईंविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १९७६ साली त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर मोटारींच्या चोरीचा अभ्यास केला होता. पश्चिम जर्मनीत १९६० नंतरच्या वर्षांत नव्या-जुन्या सगळ्याच मोटारींना सुकाणूचे कुलूप सक्तीचे झाले, आणि तेथे मोटारींच्या चोऱ्या चांगल्याच खाली आल्या. ब्रिटनने १९७१ पासून ते फक्त नव्या मोटारींना लावले. तेथे चोर जुन्या मोटारींकडे वळले! निम्म्या गावाने कुलूप लावले तर चोर उरलेल्या निम्म्या गावात जातो, एवढेच त्याचे तात्पर्य. पंचवीस वर्षांनी त्याच बाई मोबाइलकडे वळल्या तेव्हा त्यांना तेच चित्र पुन्हा दिसले असले पाहिजे.

* * *

पुढचा अंक अमेरिकेचा. तेथल्या बड्या कंपन्यांनी काळी यादी एकत्र करण्याचे कबूल केले ते २०१२ साली. तोपर्यंत साधा फोन जाऊन हातात छोटा संगणक आला होता आणि त्याची किंमत सोन्याच्या अंगठीएवढी झाली होती. देशात यादी लागू होती, पण फोन जहाजात बसून देशाबाहेर जाई आणि तेथे त्याला कोणी नाव-गाव विचारीत नसे. माग वेशीपाशी थांबला तो थांबलाच.

तेव्हा एक निराळा विचार पुढे आला. यादी वेशीवर ठेवण्यापेक्षा कुलूप फोनच्या पोटातच ठेवले तर? मालकाने दुरून एक कळ दाबावी आणि फोन जगाच्या पाठीवर कोठेही असो, त्याचा दगड व्हावा. याला त्यांनी 'किल स्विच' म्हटले. २०१३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील जॉर्ज गॅस्कोन यांनी यासाठी एक मोहीम उघडली. लंडनचे तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन हेही तिच्यात सामील झाले. कंपन्यांच्या संघटनेने हरकत घेतली की अशी कळ एखाद्या हल्लेखोराच्या हाती लागली तर तो हजारो लोकांचे, पोलिसांचेसुद्धा, फोन एका क्षणात बंद पाडील. ही हरकत अगदीच पोकळ नव्हती. पण दुसरी बाजू म्हणे की हरवलेल्या फोनच्या विम्यावर कंपन्यांची बरी कमाई होते, ती बुडेल ही खरी भीती आहे. दोघांच्याही बोलण्यात थोडे थोडे तथ्य असावे. भांडणात बहुधा असेच असते.

अखेर कायद्याच्या धाकाने काम झाले. ॲपल कंपनीने २०१३ च्या सप्टेंबरात आपल्या फोनला असे कुलूप दिले, की मालकाचा संकेतशब्द घातल्यावाचून पुसलेला फोनही पुन्हा सुरू होऊ नये. २०१४ च्या मे महिन्यात मिनेसोटा राज्याने कायदा केला. कॅलिफोर्नियात मार्क लेनो यांचे विधेयक एप्रिलमध्ये सेनेटात थोडक्यात पडले, मे महिन्यात उठले, आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. २०१५ च्या १ जुलैनंतर तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांत हे कुलूप असलेच पाहिजे असे ठरले. दुकानदार कॅलिफोर्नियासाठी एक आणि बाकीच्या जगासाठी दुसरा असे दोन फोन थोडेच बनवणार? एका राज्याच्या कायद्याने साऱ्या जगाला कुलूप मिळाले.

त्याचा गुण आला का? २०१५ च्या फेब्रुवारीत मोहिमेच्या पुढाऱ्यांनी आकडे दिले. आयफोनच्या लुटीचे प्रकार सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी उतरले. लंडनमध्ये फोनचोऱ्या निम्म्यावर आल्या. सारे श्रेय त्या कुलपालाच द्यावे असे मी म्हणणार नाही. गुन्हे वाढतात आणि घटतात त्याला कारणे अनेक असतात. पण चोराला पकडून धाक बसवण्यापेक्षा चोरीची वस्तू कवडीमोल करून टाकणे सोपे, हे जगाला पटले.

* * *

आपल्याकडे काय झाले? पहिले पाऊल पडले ते चोरीच्या नव्हे, सुरक्षिततेच्या चिंतेने. बाजारात स्वस्त फोनांचा पूर आला होता आणि त्यांतल्या लाखोंना अंकच नव्हता, किंवा पंधराच्या पंधरा शून्ये होती. असे फोन २००९ च्या ३० नोव्हेंबरनंतर बंद करण्याचा हुकूम सुटला. २०१७ साली यंत्राचा अंक बदलणे गुन्हा ठरवणारे नियम झाले. पुढे २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा उद्योगाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आणि देशभरच्या कंपन्यांच्या याद्या एका जागी आणणारी जी मोठी नोंदवही, तिचा पहिला प्रयोग झाला तो आपल्या महाराष्ट्रात. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनी मुंबईत तिचे उद्घाटन केले. वर्षअखेरीस ती दिल्लीला गेली आणि २०२३ च्या मे महिन्यात साऱ्या देशाला लागू झाली. तिची रीत सोपी आहे. फोन गेला की पोलिसांत तक्रार नोंदवायची, तिची प्रत आणि यंत्राचा अंक 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर द्यायचा. मग कोणत्याही कंपनीचे सिमकार्ड घाला, तो फोन बोलत नाही. आणि कोणी त्यात सिमकार्ड घातलेच तर त्याची वर्दी पोलिसांकडे जाते. म्हणजे एल्फिन्स्टनच्या अहवालातला जागल्या पुन्हा कामावर रुजू झाला, आणि या खेपेला सगळ्या गावांनी एकच यादी हाती घेतली.

अडचणी नव्हत्या असे नाही. २०२० साली मेरठच्या पोलिसांना आढळले की एकाच कंपनीच्या १३ हजारांहून अधिक फोनांवर एकच अंक आहे. एका वर्गात तेरा हजार मुलांचे नाव 'गणपत' असावे तसे! हजेरी घ्यायची कोणाची? म्हणून २०२३ च्या १ जानेवारीपासून प्रत्येक यंत्राचा अंक पहिल्या विक्रीपूर्वी सरकारदरबारी नोंदवण्याची सक्ती झाली.

२०२५ च्या डिसेंबरात सरकारने जे आकडे दिले त्यांप्रमाणे तोवर ४२ लाखांवर फोन बंद झाले होते, २६ लाखांवर फोनांचा माग लागला होता, आणि ७ लाखांवर फोन मालकांच्या हाती परत पडले होते. या तीन आकड्यांतली उतरण बघण्यासारखी आहे. माग लागणे निराळे आणि वस्तू घरी येणे निराळे.

त्याच सुमारास एक वादही झाला. प्रत्येक नव्या फोनात हे सरकारी ॲप कारखान्यातूनच भरून यावे असा हुकूम २०२५ च्या नोव्हेंबरअखेर निघाला. लोकांनी विचारले, हा जागल्या वेशीवर बसणार की आमच्या माजघरात? गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली. मला वाटते, दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. राखणदार हवा, पण त्याची बसण्याची जागा ठरलेली असावी. ज्या कळीने चोराच्या हातातला फोन दगड होतो ती कळ कोणाच्या हाती आहे, हे विचारण्याचा हक्क मालकाने सोडू नये.

* * *

मग चोऱ्या संपल्या का? लंडनकडे पुन्हा पाहावे. तेथे अलीकडच्या वर्षांत दुचाकीवरून येऊन हातातला फोन झडपणाऱ्यांनी उच्छाद मांडला. २०२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी एका माणसाने आपल्या चोरीच्या फोनचा ठावठिकाणा दुसऱ्या यंत्रावर पाहिला तो हीथ्रो विमानतळाजवळच्या एका गुदामात निघाला. तेथल्या खोक्यात हाँगकाँगला जाण्यासाठी बांधून ठेवलेले शेकडो फोन सापडले. पुढे तपास होऊन २०२५ साली पोलिसांनी सांगितले की या एका टोळीने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनकडे पाठवले असावेत. कुलूप लावलेला फोन काय कामाचा, असे आपण म्हणू. पण विलायतेची काळी यादी जेथे मानली जात नाही तेथे तो कोणी ना कोणी उघडू पाहतो. उघडला नाही तर त्याची काच, त्याचा कॅमेरा, त्याची बॅटरी सुटी करून विकतो. मेलेल्या जनावराचेही कातडे विकले जाते. म्हणून २०२४ साली ॲपलने सुट्या भागांनाही मालकाचे कुलूप लावायला सुरुवात केली, आणि हातातून हिसकावल्याचा झटका ओळखून पडदा आपोआप बंद करणारी युक्ती गूगलने अँड्रॉइड फोनांना दिली.

चोर आणि कुलूपकर यांची ही जुगलबंदी संपणारी नाही. मात्र तिच्यातून एक गोष्ट दर वेळी सिद्ध झाली. कुलूप कितीही बळकट असो, शेजारच्या गावाने माग स्वीकारला नाही तर ते कुलूप वेशीपर्यंतच.

* * *

माझ्या फोनाचे काय झाले ते सांगून संपवतो. अंक नोंदवून आठ महिने झाले होते. मी आशा सोडली होती. २०२५ च्या माघात एके दिवशी ठाण्यातून निरोप आला आणि मी गेलो. तेच हवालदार. त्यांनी कपाटातून पिशवी काढली. "गुरुजी, तुमची वस्तू. शेजारच्या राज्यात सापडली."

एका भाजीविक्याने तो फोन जुन्या बाजारात चार हजारांना घेतला होता, बिनपावतीचा. त्याने सिमकार्ड घातले आणि माग लागला. त्या बिचाऱ्याचे चार हजार बुडाले. माझ्या फोनच्या आनंदात मला त्याची आठवण राहून राहून येते. जुना फोन घेताना के, वाय, एम ही तीन इंग्रजी अक्षरे, जागा सोडून पुढे यंत्राचा अंक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला की फोन काळ्या यादीत आहे की नाही ते कळते. हे त्याला कोणी सांगितले असते तर त्याचे पैसे वाचले असते.

घरी येऊन मी फोन सुरू केला. नवाकोरा असावा तसा तो उघडला. नाव विचारले, भाषा विचारली. चोराने आत काहीच ठेवले नव्हते. अंक तोच होता; पंधराच्या पंधरा आकडे मी खोक्याशी ताडून पाहिले, बेरजेला दहाने भागही गेला. आवाज मात्र नव्हता.

सौ. जवळ येऊन बसली. जरा वेळाने म्हणाली, "मला त्यातल्या काही येतात. सासूबाईंबरोबर दळायला बसत होते की मी." आणि ती सांगू लागली. मी वही घेतली. अकरा आठवल्या. मग थोरल्या आत्याला फोन केला, तिला सहा येत होत्या; गावाकडच्या काकूंना चार. असे करत एकवीस ओव्या कागदावर आल्या आहेत. हे काम कोणत्याही नोंदवहीने झाले नसते, आणि हे मी आई असतानाच करायला हवे होते.

सरकार आणि कंपन्या यंत्राची राखण करू शकतात. त्यांनी ती पुष्कळ उशिरा का होईना मनावर घेतली आहे. यंत्रात आपण जे ठेवतो त्याची राखण आपली आपण करायची. म्हणून दिवाळीच्या निमित्ताने एक विनंती. आपल्या फोनवर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही बटणे दाबा. पंधरा आकडे दिसतील. फोनात दोन सिमकार्डे असतील तर असे दोन अंक दिसतील. लक्ष्मीपूजनाला वही पुजाल तेव्हा 'श्री' काढून पहिल्या पानावर ते उतरवून ठेवा. आणि दुसऱ्या पानावर, घरात जे कोणी वडीलधारे असेल त्याला फराळानंतर समोर बसवून, त्याच्या तोंडचे काहीतरी लिहून घ्या.

आमच्याकडे यंदा बाविसाव्या ओवीची जागा रिकामी सोडली आहे. भाऊबीजेला धाकटी बहीण येणार आहे. तिला बहुतेक येत असेल.